सातशिडीची चित्रपट्टी

१

शुक्रवारी जुम्म्याची नमाज सुटली, कलीम फ्रेमवाला घाईघाईनं नांदेडच्या इतवाऱ्यातल्या आपल्या दुकानात परतला, अर्ध्यावर ओढलेलं शटर त्यानं वर सारलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. टेबलावर सागवानी चौकट जशीच्या तशी होती. शेजारी नवी कापलेली काच होती, चुकांची, म्हणजे बारीक खिळ्यांची, डबी होती, फडकं होतं. चौकटीत बसवायची चित्रपट्टी तेवढी नव्हती.

आता ही चित्रपट्टी काय चीज होती ते सांगायला हवं. मुदखेडच्या नरहर हंबर्डे यांनी ‘सातशिडी’ नावाची समुद्री चाच्यांची कादंबरी लिहिली. गृहस्थ रेल्वेत पार्सलबाबू. जन्म मुदखेडचा, नोकरी मुदखेडला, आणि समुद्र म्हणाल तर कादंबरी छापून येईपर्यंत त्यांनी पाहिलेलाही नव्हता. पुढं सत्काराच्या निमित्तानं मुंबईला गेले तेव्हा चौपाटीवर उभं राहून म्हणाले म्हणे, “बरं झालं आधी लिहून टाकलं, हे बघितल्यावर हिंमतच झाली नसती.” सात शिडांचं जहाज, जहाजाचा म्होरक्या, एका कानाचा भैरू तांडेल, बेटावर पुरलेला पेटारा, तीन पिढ्यांच्या पोरांनी अंथरुणात लपून वाचलेली ती गोष्ट. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर सहा चित्रांची एक आडवी पट्टी छापलेली असते. तिची मूळ प्रत पत्र्यावर रंगवलेली. लेखकानं आधी चित्रं काढली आणि मग चित्रांवरून गोष्ट लिहिली, असं सगळे सांगतात. मुदखेडच्या घरी ती काचेत लावून ठेवली होती. सहलीला आलेल्या कुठल्याशा शाळेच्या पोरांनी धक्काबुक्कीत काच फोडली, आणि रविवारी लेखकाची जन्मशताब्दी, म्हणून त्यांचा मुलगा अण्णाराव ती कलीमकडं टाकून गेला होता.

नेमक्या त्याच घटकेला वहिदाखाला दुकानासमोर रिक्षातून उतरल्या.

वहिदाखाला लातूरच्या. उर्दू शाळेत आयुष्यभर पोरं हाकली, आणि निवृत्तीनंतर स्थळाची चौकशी करण्यात नाव काढलं. मुलाचं घर, मुलीचं घर, चाल, चलन, शेजाऱ्यांशी वागणं, सगळं बघून याव्यात आणि एका वाक्यात निकाल द्यावा. त्या ‘घर चांगलं आहे’ म्हणाल्या की पत्रिका छापायला टाकावी, एवढी त्यांच्या शब्दाची पत. आता लातूरच्या नबीलसाठी कलीमची मुलगी इकरा सांगून आली होती. नबीलच्या आईनं बजावलं होतं, “खाला, सगळं बघा. आमचे सासरे हाफिजसाहेब हायेत, कुराण तोंडपाठ, त्यांना खानदानाला डाग चालत न्हाई.”

आणि आल्या आल्या खालांच्या कानावर शब्द पडला तो ‘चोरी’. अण्णाराव तासाभरात मुदखेडहून मोटरसायकलवर येऊन थडकला. साठीचा, उन्हातान्हात शेती केलेला माणूस. तो ओरडला नाही, दुकानाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, “कलीम, रविवार सकाळपत्तोर पट्टी दे बाबा. न्हाई तर मला पोलिसात जावं लागंल. आबाची शेवटची वस्तू हाय ती.”

कलीम मान खाली घालून उभा राहिला. गल्लीत माणसं जमली होती, आणि वहिदाखालांना कळून चुकलं की रविवारी पोलीस आले तर या घरातल्या पोरीला नबीलच काय, कुणीही मागणी घालणार नाही.

२

रिक्षा करून परत फिरावं असं त्यांच्या मनात आलंही. पण परत जाऊन सांगायचं काय? ‘बाप चोर’ म्हणायचं तर खात्री नाही, ‘बाप चोर नाही’ म्हणायचं तरी खात्री नाही. खात्रीशिवाय बोलण्याची त्यांना सवय नव्हती. चौकशी करणारं माणूस घरात शिरतं ते पाणी मागून. खालांनी पाणी मागितलं.

दुकानाच्या पाठीमागेच घर होतं. इकराची आई हिमायतनगरला माहेरच्या एका लग्नाला गेलेली. इकरानं पाणी आणलं, चहा टाकला. पोरगी तरतरीत, नजर सरळ, हात कामाला सरावलेले. पाच मिनिटांत खालांनी तिला मनातल्या मनात पास करून टाकलं. अडचण बापाची होती.

त्यांनी कलीमला खोदून खोदून विचारलं. दुकानात कोण आलं होतं? कुणी नाही. शटर अर्ध्यावर का ठेवलं? नेहमीच ठेवतो. कुणावर संशय? कुणावरच नाही. मग पट्टी गेली कुठं? यावर तो भिंतीकडं बघत बसला.

खाला चक्रावल्या. त्यांनी उभ्या आयुष्यात शेकडो माणसं बघितली होती. खरा माणूस अशा वेळी आकांडतांडव करतो, शेजाऱ्याचं नाव घेतो, शपथा खातो. खोटा माणूस त्याहून मोठ्यानं शपथा खातो. गप्प बसतो तो तिसराच, दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालणारा. पण हा घालतोय कुणाला? अर्ध्या तासात त्यांचं डोकं सुतासारखं गुंतलं.

अंगणात कलीमचे वडील खाजामियाँ बसले होते. नव्वदीला टेकलेले, गुडघे गेलेले, काठी टेकत घरादुकानापुरतं चालणारे, म्हणून जुम्म्यालाही घरीच नमाज पढणारे. एके काळी नांदेडपासून पार लातूरकडच्या मुरुडपर्यंत लग्नाच्या पत्र्याच्या पेट्या त्यांच्या हातच्या जायच्या. आता पेट्या कुणी घेत नाही, पण नातीसाठी त्यांनी हट्टानं एक बनवली होती. लोखंडाला गंज धरू नये म्हणून आधी देतात तो विटकरी अस्तराचा रंग तिच्यावर आतबाहेर चढवून वाळलेला होता. म्हातारा पेटी आडवी पाडून तिच्या तळाला हातोडीनं पत्रे जोडायच्या रिबिटा ठोकत होता.

खालांनी सलाम करून विचारलं, “हंबर्डेसाहेबांना ओळखत होता का?”

“पार्सलबाबू ना? ओळखत होतो की. माझ्या पेट्या त्यांच्या हातून बुक व्हायच्या. भला माणूस.” मग त्यांनी मान वर केली आणि लातूरचं मटण बरं का नांदेडचं, यावर इतका वेळ बोलले, की खालांना उठायला निमित्त शोधावं लागलं.

जाताना दारात इकरानं त्यांना गाठलं आणि हळूच विचारलं, “खाला, तुम्ही लातूरला फोन केला का?”

“अजून न्हाई केला,” खाला म्हणाल्या. पोरीनं मोठा श्वास सोडला, आणि का कोण जाणे, तो श्वास खालांना सुटकेचा वाटला नाही. काहीतरी ठरवल्याचा वाटला.

३

शनिवारी सकाळी वहिदाखाला मुदखेडला पोचल्या. हंबर्ड्यांच्या घरी मंडप उभा राहत होता. अण्णारावची बायको सिंधु हिनं त्यांना आत बसवलं. तिथंच एक चष्मेवाली बाई कागद पसरून बसलेली होती. ही विशाखा, लातूरच्या कॉलेजात शिकवणारी, हंबर्ड्यांचं चरित्र लिहीत होती. रविवारचं मुख्य भाषण तिचंच.

खालांनी ‘सातशिडी’ वाचलेली नव्हती. मराठी त्या फर्डं बोलत, पण वाचायची वेळ आली की बोट ठेवून सावकाश. तसं कबूल करायची मात्र त्यांना लाज वाटली. विशाखानं पुस्तक उघडून काळ्या शाईत छापलेली चित्रपट्टी समोर धरली, तेव्हा त्यांनी जाणकारासारखी मान हलवली.

“ही गंमत बघा,” विशाखा म्हणाली. “चित्रं सगळी उलटी. गोष्ट मागून पुढं जाते. यावर किती लेख झालेत. मेलेला तांडेल उठून घराकडं परत निघतो, असा अर्थ लावतात.”

खालांनी पुन्हा पट्टी बघितली. आई किनाऱ्यावर मुलाला निरोप देतेय. मुलगा सात शिडांच्या जहाजावर चढतोय. वादळ. बेट. पेटारा खणून काढतायत. शेवटी बिचारा पेटाऱ्यावरच डोळे मिटून पडलाय. यात उलटं काय आहे? त्यांना काहीच उमगेना. आपणच काहीतरी मठ्ठ आहोत असं वाटून त्या गप्प बसल्या.

मग अण्णाराव आला. मूळ पट्टी रंगीत, तिचं वर्णन त्यानं मन लावून केलं. “समुद्र निळा न्हाईच त्याच्यात. तांबडा हाय, इटकरीगत. आबाला इचारलं की म्हणायचे, आपला समुद्र असाच असतो.”

“गोदावरीला पूर आला की पाण्याचा रंग असाच असतो ना,” विशाखानं अर्थ सांगितला.

सिंधु चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, “आता मामंजींबद्दल बोलू न्हाई, पण त्यांना पाटावर रांगोळीची एक रेघ सरळ यायची न्हाई. चित्रं कशी काढली देव जाणे.”

अण्णारावनं बायकोकडं असं बघितलं की ती कप घेऊन सरळ आत गेली. विशाखा मात्र सरसावली. तिनंही हंबर्ड्यांचे जुने सोबती शोधून काढले होते, खाजामियाँपर्यंत सगळे. कुणीच त्यांना चित्र काढताना बघितलं नव्हतं. “खाजामियाँनी तर मला मटणावरच तासभर ऐकवलं,” ती हसली. मग गंभीर झाली. “पण उद्या मी बोलणार. चित्रं त्यांची नव्हती, आणि ते आयुष्यभर आपली म्हणून सांगत राहिले. चरित्रात खोटं कसं लिहू?”

“माझा बाप खोटारडा व्हता म्हणता का, मॅडम?” अण्णाराव थंडपणे म्हणाला. “जन्मदिवसाला?”

वहिदाखालांच्या डोक्यात मात्र गलबला उठला होता. पट्टी नसेल तर विशाखाच्या भाषणाचा जोर जातो, म्हणजे पट्टी नाहीशी झालेली अण्णारावलाच हवी असणार. पण मग तो कलीमच्या पायरीवर बसून तिच्यासाठी एवढा कळवळला का? आणि विशाखाला ती हवी असती तर ती चोरायची कशाला, रविवारी समोरच आली असती. एकेक संशयित हाताशी येई आणि बोटांतून निसटून जाई. पुस्तक मागून घेऊन त्या परत निघाल्या, तेव्हा त्यांना आल्या त्या वेळेपेक्षाही कमी कळत होतं.

४

नांदेडच्या घरात पाऊल टाकलं आणि इकरानं त्यांचा हात धरून त्यांना जिन्याखाली नेलं.

“खाला, पट्टी मी घेतली,” ती म्हणाली. “अब्बांचा काही संबंध न्हाई. लातूरला तसंच सांगा.”

वहिदाखाला खालच्या पायरीवर बसल्या. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज ठाम होता. स्वतःच्या लग्नावर पाणी सोडून ती बापाला सोडवायला निघाली होती. खालांना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण चौकशी ती चौकशी.

“घेतलीस ना? मग समुद्राचा रंग सांग.”

“निळा,” इकरा म्हणाली, आणि खालांचा चेहरा बघून लगेच, “हिरवट निळा.”

“बरं. पहिलं चित्र कशाचं?”

“भैरू तांडेल मरून पडलेला. लहानपणापासून बघते मी. सगळ्या पुस्तकात हाय.”

पोरीनं मूळ पट्टी डोळ्यांनीसुद्धा बघितलेली नव्हती, हे आता उघड होतं. ती फक्त खोटं बोलत होती, आणि तेही वाईट. पण खाला तिच्यावर रागावायच्या विसरूनच गेल्या. पहिलं चित्र मरणाचं? त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. “दाखव बरं, पहिलं कुठलं.”

इकरानं डाव्या टोकावर बोट ठेवलं. वहिदाखालांचं बोट मात्र आपोआप उजव्या टोकावर गेलं होतं, जिथं आई किनाऱ्यावर उभी होती. दोन बोटं पट्टीच्या दोन टोकांना. खाला कितीतरी वेळ त्या बोटांकडं बघत राहिल्या. उर्दू शाळेत अलिफपासून शिकलेलं माणूस पान उघडतं ते उजवीकडून. चित्रं उलटी नव्हतीच. ती काढणारा हातच उजवीकडून सुरुवात करणारा होता.

त्यांनी तिथल्या तिथं विशाखाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग विशाखा म्हणाली, “खाला, तुम्ही म्हणता ते खरंय. मी मूर्ख आहे. पण यानं काही सिद्ध होत नाही. हंबर्डे निजामाच्या राज्यात शिकले, तेही उर्दू शाळेतच. त्या वयाचा सगळा मुदखेड उर्दू वाचायचा.”

हाती आलेलं पुन्हा गेलं. खालांनी फोन बंद केला आणि कपाळाला हात लावला.

५

दुपारचं जेवण वाढलं होतं, पण त्यांचं ताटाकडं लक्ष नव्हतं. उजवीकडून सुरुवात करणारे दोन डझन म्हातारे सापडले असते. पण त्यांच्यातला चित्र काढणारा कोण? आणि समुद्र तांबडा का? विशाखा म्हणते गोदावरीचा पूर. असेल. पण समुद्र न बघितलेलं माणूससुद्धा समुद्राला निळाच रंग देतं. आकाश तरी त्यानं बघितलेलं असतंच. हाताशी निळा नसेल तरच तांबडा देईल. ज्याच्याकडं घरात तोच रंग डबेच्या डबे पडलेला आहे, असा कुणी.

खालांनी अंगणात बघितलं. खाजामियाँ खाटेवर आडवे झाले होते. शेजारी इकराची पेटी उभी करून ठेवलेली, आतबाहेर विटकरी. आणि पट्टी कशावर काढलेली होती? पत्र्यावर. कागद नाही, कापड नाही. पेट्या बनवणाऱ्याच्या घरात कापलेल्या पत्र्याचा तुकडा आणि अस्तराचा रंग, दोन्ही उशापायथ्याशी असतात. त्यावर हा माणूस उर्दू शिकलेला, हंबर्ड्यांचा स्नेही, आणि काल भरदुपारी घरात इकराशिवाय हाच होता.

त्या उठून पेटीजवळ गेल्या. अस्तराचा रंग सगळीकडं सारखा बसलेला. तळाच्या कडेनं मात्र रिबिटांची डोकी पांढरीशुभ्र चमकत होती. त्यांच्या माहेरी शेजारी पेटीवाले होते. आधी रिबिटा ठोकायच्या, मग रंग द्यायचा, हे शेंबडं पोरही सांगेल. रंग वाळल्यावर रिबिटा कशाला? पेटी तयार झाल्यावर तिच्यात काहीतरी बसवायचं असेल तर. त्यांनी तळावर बोटानं टकटक केलं. आवाज बद्द आला, दुहेरी पत्र्याचा.

मागं कलीम उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “नमाजेवरून आलो तवा अब्बा रिबिटा ठोकून राहिले होते,” तो म्हणाला. “मी समजलो. पण बापाला कसं इचारू? का केलं, अजून मला माहीत न्हाई, खाला.”

खाटेवरून म्हाताऱ्याचा आवाज आला. “मला उठवून बसवा.”

६

त्यांना उठवून बसवलं. कलीमनं छिन्नी आणली, रिबिटा तोडल्या, आणि तळाचा आतला पत्रा बाजूला केला. खाली मऊ फडक्यात गुंडाळलेली चित्रपट्टी होती. इकरा बघतच राहिली. पुस्तकातल्या काळ्या शाईत जे कधी दिसलं नव्हतं ते सगळं त्यात होतं: आईच्या लुगड्याची हिरवी किनार, भैरूच्या तुटक्या कानातली रक्ताची रेघ, आणि भोवती उसळलेला विटकरी समुद्र.

खाजामियाँनी मग हळूहळू सांगितलं. त्यांचे अब्बा मशिदीत नमाज पढवणारे पेशइमाम होते. माणसाचं तोंड काढणं म्हणजे त्या घरात मोठा गुन्हा. तरण्या वयात खाजामियाँ पेट्यांवर वेलबुट्ट्या काढत, पण हाताला तोंडं काढायची ओढ. मुदखेडच्या पार्सल ऑफिसात पेट्या पोचवायला गेले की नरहर हंबर्डे चहा पाजत आणि चाच्यांची गोष्ट रचून सांगत. खाजामियाँ ऐकत आणि मग कुणाच्या नकळत चित्रं काढत. चित्रं बघून हंबर्ड्यांना गोष्ट पुढं सुचे. पुस्तक निघालं तेव्हा हंबर्डे म्हणाले, तुझं नाव घालू. खाजामियाँनी त्यांचे पाय धरले. अब्बांना कळलं तर घराबाहेर काढतील. चित्रं तुमचीच म्हणून सांगा, आणि कधी कुणाजवळ बोलू नका. हंबर्ड्यांनी जन्मभर शब्द पाळला. खाजामियाँनी पुन्हा कधी तोंड काढलं नाही.

“मग आता का चोरलीत?” खालांनी विचारलं.

“चोरली कशाची, माझीच हाय,” म्हातारा म्हणाला, आणि लगेच खजील झाला. “ती मॅडम आली होती. चित्रं कुणाची ते हुडकून राहिली होती. इकराला हाफिजसाहेबांच्या घरी द्यायची. पोरीचा दादा, सख्खा आजा, तसबिरी काढायचा, हे मांडवात कळलं तर? म्हटलं, वस्तूच नसली तर कोण बोलतं. पेटीत पोरीबरोबर जाईल, कुणाला दिसणार न्हाई. कलीमवर नाव येईल हे डोक्यातच आलं न्हाई. आलं तवा बोलायची हिंमत झाली न्हाई.”

वहिदाखालांना त्यांची दयाही आली आणि रागही आला. पण एक गोष्ट सांगणं भाग होतं. “उद्या ती मॅडम सगळ्यांसमोर सांगणार हाय की हंबर्डे खोटं बोलले. दुसऱ्याची चित्रं आपली म्हणून मिरवली. पट्टी असो की नसो, ती बोलणारच.”

म्हातारा दचकला. एवढं त्याच्या ध्यानी आलं नव्हतं. “नरहर खोटा न्हाई,” तो म्हणाला. “खोटं मी बोलायला लावलं त्याला.” त्यानं इकराकडं बघितलं, पेटीकडं बघितलं. एका बाजूला मेलेला दोस्त, दुसऱ्या बाजूला जिवंत नात. वहिदाखाला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सल्ला न देता बसून राहिल्या, कारण त्यांना स्वतःलाच काही सुचत नव्हतं.

बोलली ती इकराच. “दादा, तुम्ही सांगून टाका. लग्न मोडलं तर मोडलं. मला हे लपवून सासरी जायचं न्हाई.”

आधी अण्णारावला फोन झाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि बराच वेळ नाक ओढल्याचाच आवाज येत राहिला. मग तो म्हणाला की गाडी पाठवतो, उद्या पट्टी घेऊन चाचांनीच यायचं, आबाच्या फोटोशेजारची खुर्ची त्यांची. विशाखाला आपण आजच सांगतो.

तो सोपा फोन होता. अवघड फोन वहिदाखालांनी लावला. नबीलच्या आईला त्यांनी एवढंच सांगितलं की हाफिजसाहेबांना द्या, मुलीच्या दादांना बोलायचंय. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा खाटेवर ठेवला. खाजामियाँनी सलाम केला आणि एका दमात सांगून टाकलं: चित्रं काढली, दोस्ताला खोटं बोलायला लावलं, पोराच्या दुकानातून पट्टी उचलली, पोरावर आळ येऊ दिला. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. “पोरीला यातलं काही माहीत नव्हतं,” शेवटी ते म्हणाले. “तुमचा नकार असला तर तो माझ्यासाठी असू द्या, तिच्यासाठी नको.”

फोन कट झाला की काय, ते कलीमनं वाकून बघितलं.

“खाजामियाँ,” हाफिजसाहेबांचा खर्जातला आवाज आला, “आमच्या भिंतीवर तसबीर लागत न्हाई. पुढंबी लागणार न्हाई. तेवढं ध्यानात ठेवा. ती चीज ज्याच्या घरची त्याच्या घरी पोचवा, पेटीत कपडे भरा. पोरगी आम्हाला पाहिजे.”

आणि त्यांनी फोन ठेवला. कलीम भिंतीला टेकून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. वहिदाखालांना नबीलच्या आईला आता काहीच कळवायचं उरलं नव्हतं, तरी त्या उगीच पदरानं चष्मा पुसत बसल्या.

खाजामियाँचं मात्र कुणाकडंच लक्ष नव्हतं. त्यांनी पट्टी उचलून मांडीवर घेतली होती. ही चित्रं लाखो पोरांनी बघितली, त्यांच्यावर लेख लिहिले गेले, पण ती ज्यानं काढली त्याला त्यांच्याबद्दल कुणाशी अवाक्षर बोलता आलं नव्हतं. त्यांनी इकराला जवळ बोलावलं, पट्टी तिच्यापुढं सरकवली, आणि घाबरत घाबरत विचारलं, “बेटी, चांगली हायेत का गं?”

इकराला हो म्हणायचं होतं, पण तिला रडूच आवरेना.